तांडेलाला दुभाषा बनवू नका

हर्णैच्या मामेबहिणीने काल एक फॉरवर्ड पाठवला, ‘परप्रांतीय कामगारांचं समुपदेशन: चार सोपे नियम’. खाली तिचा प्रश्न: "आमच्या बोटीवरचा नेपाळी पोरगा झोपत नाही, जेवत नाही. तांडेलाबरोबर पाठवू ना डॉक्टरकडे?"

नको गं बाई! तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या.

हा त्यातला तिसरा नियम. भाषा अडली तर मुकादमाला नाहीतर तांडेलाला दुभाषा बसवा म्हणे. लिहिणाऱ्याने बंदर पाहिलेलं दिसत नाही. खलाशी उचल घेऊन बोटीवर चढतो आणि मोसमभर ती फेडत राहतो. त्याला ठेवायचं की घालवायचं, यात तांडेलाचा शब्द चालतो. तोच शेजारी बसल्यावर "जाळं ओढताना पाण्यात उडी टाकावीशी वाटते" असं पोरगा बोलेल? "सब ठीक है साब" म्हणेल, आणि तांडेल मान डोलावेल. पोराला कामापुरतं हिंदी येत असेल तर डॉक्टरांनी त्याच्याशी एकट्याशी बोलावं. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी नंबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे. तो त्याचा त्याला लावू दे. जीव द्यायची भाषा निघाली तर मात्र फोनवर भागवायचं नाही. बोटीवर पाठवू नका, एकटं सोडू नका, थेट दवाखाना गाठा.

पहिला नियम, समुपदेशक आपल्याच समाजाचा हवा. अर्धं खरं आहे, नाही म्हणत नाही. आपल्या बोलीत माणूस लवकर मोकळा होतो. पण मासेमारी करणाऱ्या खारवी समाजातल्या पोरीसमोर खारवी समुपदेशक बसवला आणि तो नेमका तिच्या आत्याच्या ओळखीचा निघाला, तर ती तोंड उघडेल का? परकेपणावर तोड आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत १६ प्रश्नांची मुलाखतच दिली आहे. त्रास तुमच्या शब्दांत सांगा, घरच्यांना काय सांगता, कशामुळे झालं असं वाटतं. शेवटी तर सरळ विचारायचं, आपण वेगळ्या वातावरणातले, गैरसमज होईल अशी धास्ती वाटते का?

चौथा नियमही इथेच निकालात निघतो. ‘बाहेरचं झालंय’ म्हणणाऱ्याला आधी ते खूळ आहे असं सुनवा म्हणे! भगत लुबाडतात, कबूल. पण पहिल्याच भेटीत खूळ म्हटलं की माणूस उठून त्या भगताकडेच जातो. गाऱ्हाणं घातलंत का, कौल काय मिळाला, विचारा की. गोळ्या चालू ठेवूनही देवळात जाता येतं.

दुसरा नियम, कष्टकऱ्यांना डिप्रेशन येत नाही. येतं. पुढे.

आणि भावोजींना सांग, डॉक्टरकडे गेलास म्हणून पैसे कापणार नाही, हे त्या पोराला आजच स्वतः जाऊन सांगा. तांडेलाकरवी नको.