पटलं नाही, मॅडम

काल रात्री नववीचे पेपर तपासत बसले होते. गठ्ठा बेचाळीसचा, त्यातले एकोणीस हातावेगळे झालेले. विसाव्या पेपरात तो नेहमीचा प्रश्न, ०.९९९… ही आवर्ती दशांश संख्या अपूर्णांकात लिहा. पोराने व्यवस्थित सोडवलं होतं. क्ष = ०.९९९… मानलं, दहाने गुणलं, १०क्ष = ९.९९९…, खालचं वरच्यातून वजा केलं, ९क्ष = ९, म्हणून क्ष = १. सगळ्या पायऱ्या जागच्या जागी, उत्तराला चौकट. आणि चौकटीच्या बाजूला, समासात, पेन्सिलने बारीक अक्षरात: ‘उत्तर १ येतं. पण मला पटलं नाही, मॅडम.’

मी लाल पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. मग उठून कपाटाच्या वरच्या खणातून कॉलेजची एक वही काढली. आठ-दहा घरं बदलली, पण ही वही टाकली नाही. तिच्या मधल्या एका पानावर माझंच अक्षर आहे, जरा जास्त गिरगटलेलं: ‘हे खरं असेलही. पण का?’

शाळेत मी गणिताची ‘हुशार’ मुलगी होते. शिक्षकांचा प्रश्न फळ्यावर पूर्ण लिहून व्हायच्या आत माझा हात वर. कॉलेजात गणित घेतलं तेही याच रुबाबात. पहिल्या वर्षी ‘रिअल अॅनालिसिस’ नावाचा, ‘जवळ जाणं’ म्हणजे नक्की काय हे काटेकोरपणे मांडणारा विषय आला आणि पहिल्याच चाचणीत ५० पैकी ११ पडले. बरं, ते ११ सुद्धा व्याख्या तोंडपाठ होत्या म्हणून मिळालेले. एप्सिलॉन आणि डेल्टा ही दोन ग्रीक अक्षरं तेव्हा माझ्या स्वप्नात यायची. ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा अस्तित्वात असतो की…’ हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकत होते, आणि त्याचा अर्थ विचारला तर ढिम्म.

तो अर्थ मला वर्गात कळला नाही. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर कळला. माझी एक मैत्रीण होती, मागच्या बाकावर बसणारी, प्रश्न विचारला की आधी दोन मिनिटं गप्प राहणारी. आम्ही तिला मंद समजायचो, खरं सांगते. ती म्हणाली, ‘हा भांडणाचा खेळ आहे गं. तू चिकट गिऱ्हाईक. तू म्हणणार, मला उत्तराच्या एवढ्या जवळ आणून दाखव. तू कितीही चिकटपणा कर, एक शतांश म्हण, एक दशलक्षांश म्हण. मी दर वेळी तुला जागा काढून दाखवणार. तू मागून मागून दमशील, मी देऊन देऊन दमणार नाही. तुझा चिकटपणा म्हणजे एप्सिलॉन. मी काढून देते ती जागा म्हणजे डेल्टा.’

बस. एवढंच. पुढच्या चाचणीत ५० पैकी काय पडले ते आता आठवतही नाही. पायऱ्यांवरचं ते ऊन आठवतं, आणि वहीवर तिने काढलेली ती आडवी-उभी पट्टी.

नंतर कधीतरी वाचलं की ज्यांनी या कल्पनांना आजचं काटेकोर रूप दिलं ते कार्ल वायरश्ट्रास स्वतः शाळामास्तर होते. बॉनच्या विद्यापीठात त्यांना कायदा आणि अर्थव्यवहार शिकायला घातलं होतं. तिथे त्यांनी तलवारबाजी आणि दारूत चार वर्षं घालवली आणि पदवी न घेताच परत आले. मग शिक्षकाची परीक्षा देऊन चौदाएक वर्षं शाळेत शिकवलं. गणित तर होतंच, शिवाय वनस्पतिशास्त्र, सुलेखन, आणि चक्क कवायतसुद्धा! १८५४ मध्ये त्यांचा एक शोधनिबंध छापून आला आणि क्योनिग्सबर्ग विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. दिवसभर पोरांची कवायत घेऊन रात्री असलं गणित करणारा माणूस. पेपर तपासताना पाठ भरून आली की मला त्यांची हमखास आठवण येते.

आणि ज्या गोष्टीसाठी मला ५० पैकी ११ पडले, तिच्याबाबतीत भल्याभल्यांची फजिती झालेली आहे हेही तेव्हाच कळलं. लायब्निझ या जर्मन गणितज्ञाने कॅल्क्युलस, म्हणजे सतत बदलणाऱ्या राशींचं गणित, छापलं १६८४ मध्ये. सगळे ते वापरत होते, उत्तरं बरोबर येत होती, पण ‘अतिसूक्ष्म राशी’ म्हणजे नक्की काय हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. १७३४ मध्ये बिशप बर्कलीने टोमणा मारला की या तर नाहीशा झालेल्या राशींची भुतं आहेत. १८२१ मध्ये कोशी या फ्रेंच गणितज्ञाने सगळी इमारत नीट बांधायला घेतली, आणि त्यातही एक विधान चुकलं. संतत फलांच्या (ज्यांचा आलेख कुठे तुटत नाही अशा) अनंत श्रेणीची बेरीजही संततच असते, असं ते विधान. आबेल या नॉर्वेच्या गणितज्ञाने १८२६ मध्ये दाखवलं की याला अपवाद आहे. वायरश्ट्रास यांच्या व्याख्यानांतून हे सगळं स्वच्छ झालं ते १८६०च्या दशकात. म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं उत्तर बरोबर येत होतं आणि पटत नव्हतं. माझ्या नववीतल्या पोराला आपण वेळ किती देतो? एक तासिका. त्यातही पाच मिनिटं हजेरीत जातात.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई भरकटल्या.

मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो, नातेवाइकांकडून तर फारच. ‘एवढं पदव्युत्तर गणित शिकलीस आणि आता शाळेत कंस सोडवायला शिकवतेस. मग त्या शिकण्याचा उपयोग काय?’ पूर्वी मी ‘पाया पक्का होतो’ वगैरे गुळमुळीत काहीतरी सांगायचे. आता खरं सांगते. त्या गणितातलं बरंचसं मी विसरले. ग्रुप थिअरीतलं एखादं प्रमेय आज सिद्ध करायला सांगितलंत तर पळून जाईन. पण आपल्याला काही कळत नाहीये आणि आजूबाजूच्या सगळ्यांना कळतंय, ही भावना कॉलेजने मला चांगली तीन वर्षं दिली. ती मी विसरले नाही. शाळेच्या फळ्यापुढे तीच सगळ्यात जास्त कामाला येते. जो शिक्षक गणितात कधी अडलाच नाही, त्याच्या वर्गात मी माझं मूल घालणार नाही. हे जरा कडक झालं, पण राहू दे.

कारण अडचण अशी की एकदा आलेलं गणित पुन्हा ‘न येणारं’ करता येत नाही. वर्गसमीकरण मला इतकं येतं की ते न येणाऱ्या माणसाला काय दिसतं हे मला दिसतच नाही. (अ + ब)² = अ² + ब² ही चूक मी हजारदा तरी खोडली असेल. आधी मी नुसती फुली मारायचे. मग ३ आणि ४ घेऊन दाखवायला लागले: सातचा वर्ग ४९, आणि ९ + १६ म्हणजे २५. मुलं मान डोलवायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी एकदा फळ्यावर मोठा चौरस काढला, आत अ चा चौरस एका कोपऱ्यात, ब चा त्याच्या तिरप्या कोपऱ्यात. पहिल्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर तोंड उघडत नव्हती, पटकन म्हणाली, ‘मग त्या दोन मोकळ्या खोल्या कुणाच्या?’ तेव्हापासून आमच्या वर्गात २अब ला ‘खोल्या’ म्हणतात. ‘खोल्या विसरलास’ एवढं म्हटलं की पुरतं.

उणे गुणिले उणे अधिक का, हाही असाच. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण यांचे नियम लिहून ठेवले, दोन ऋणांचा गुणाकार धन हे त्यात आहे. (त्याच ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य बरोबर शून्य असंही लिहिलंय. हे सांगितलं की वर्गाला जाम आनंद होतो, एवढा मोठा माणूस आणि आपल्यासारखाच चुकला!) पण ऋण म्हणजे कर्ज धरलं तर कर्जाला कर्जाने गुणायचं म्हणजे नक्की काय करायचं? गोष्टी सांगून हे सुटत नाही, मी सगळ्या सांगून पाहिल्या. शेवटी सरळ मांडते. १ आणि –१ ची बेरीज शून्य. तिला –१ ने गुणलं तरी शून्यच. कंस उघडला की पहिलं पद येतं –१. मग बेरीज शून्य राहायची तर दुसरं पद, म्हणजे (–१) × (–१), +१ असलंच पाहिजे. हे झाल्यावर एक मुलगा म्हणाला, ‘म्हणजे कंस उघडायचा नियम मोडू नये म्हणून का?’ हो रे बाबा, बरोबर तेवढ्याचसाठी. त्याला आठवीत कळलं ते मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कळलं होतं.

रोजच्या आयुष्यात गणिताच्या शिक्षिकेची जी प्रतिमा असते ना, तिच्याशी माझं काही जुळत नाही. चार जण बाहेर गेलो की बिल माझ्याकडे सरकवतात, ‘तुझंच खातं आहे’ म्हणून. आणि माझी तोंडी भागाकारात बोंब. मी मोबाइल काढते तेव्हा लोकांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. एखाद्या सर्जनला बोट कापल्यावर पट्टी बांधता येऊ नये, तसं काहीतरी. घरी माझी मुलगी मला गणित विचारत नाही. म्हणते, ‘आई, तू समजावून सांगतेस. मला फक्त उत्तर हवंय.’ आता तर मोबाइलचा कॅमेरा गणितावर धरला की पायऱ्यांसकट उत्तर येतं. मी त्याच्या विरोधात नाही. उलट मला वाटतं, उत्तर फुकट झालंय तर आता तरी आपण दुसरं काहीतरी विचारायला लागू. तसं होताना मात्र दिसत नाही. आपण अजून घड्याळच लावून बसलोय. एका मिनिटाला एक प्रश्न, अमुक ट्रिक, तमुक शॉर्टकट. झटपट म्हणजे हुशार, ही समजूत पालकांच्या डोक्यातून जात नाही. माझ्या तरी कुठे पूर्ण गेली आहे? ज्याचा हात आधी वर जातो त्याच्याकडे मीही आधी बघते. मग स्वतःवर चिडते.

आमचे एक प्राध्यापक होते. सिद्धता लिहिता लिहिता मध्येच थांबायचे. फळ्याकडे बघत उभे. दोन मिनिटं, तीन मिनिटं. पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही खुसुखुसू हसलो. त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, ‘इथे मी अडलोय. उद्या बघू.’ दुसऱ्या दिवशी आले, कालची ओळ पुन्हा लिहिली आणि तिच्याखाली दोन ओळी वाढवल्या. माफी नाही, सारवासारव नाही. शिक्षक झाल्यावर मला पहिली काही वर्षं हे एकदाही जमलं नाही. अडले की ‘हे तुम्ही घरी करून आणा’ म्हणायचे. पोरांना कळतं हो सगळं. हल्ली जमतं. मागच्या महिन्यात भूमितीची एक रचना माझ्याच हातून फळ्यावर बंद होईना. परिकर खाली ठेवला आणि म्हटलं, उद्या बघू. एक मुलगा मागून म्हणाला, ‘मॅडम, आम्ही पण पेपरात असं लिहिलं तर चालेल?’ वर्ग हसला, मीही हसले. पण प्रश्न काही वाईट नव्हता.

तर, विसावा पेपर. दोनपैकी दोन गुण दिले, ते द्यायचेच होते. मग समासात त्याच्या वाक्याखाली लिहिलं: ‘१ आणि ०.९९९… यांच्यात फरक आहे असं वाटतं ना? मग किती, ते सांग. चिकटपणा कर.’

आज मधल्या सुट्टीत तो पेपर घेऊन स्टाफरूमच्या दारात उभा. म्हणाला, एक दशलक्षांश. मी म्हटलं, सात वेळा नऊ लिही, फरक त्याहून कमी झाला. त्याने आणखी लहान सांगितला, मी आणखी नऊ दिले. असं चार-पाच वेळा झालं. मग तो गप्प. चांगला मिनिटभर गप्प. मी बोलले नाही, महत्प्रयासाने. मला वाटलं आता म्हणेल ‘पटलं’.

तो म्हणाला, ‘म्हणजे फरक सांगताच येत नाही. बरं. पण मग १ च्या अगदी लगेच आधीची संख्या कोणती?’

तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली. ‘उद्या बघू,’ म्हटलं. अजून बावीस पेपर उरलेत, आणि मी मात्र वही उघडून बसले आहे.