"पुरातत्त्वात आता काही उरलं नाही": या फिरत्या सल्ल्याची उलटतपासणी

करिअरच्या सल्ल्यांमध्ये एक मजकूर थोड्याफार फरकानं सारखा पुढे ढकलला जातो: "पुरातत्त्वाच्या नादी लागू नका. सापडायचं ते सापडून गेलं. उरलंसुरलं लायडार आणि ड्रोन शोधतील. नोकऱ्या दोनच ठिकाणी, विद्यापीठात नाहीतर सरकारी खात्यात. खणणं ही मजुरी आणि बाकी सगळी हौस." (लायडार म्हणजे विमानातून लेसरचे झोत सोडून जमिनीचा उंचसखलपणा मोजणारं तंत्र.) यातल्या शेवटच्या शब्दात थोडं तथ्य आहे. बाकीचं एकेक पाहू.

"सापडायचं ते सापडून गेलं." पगारी उत्खननांपैकी बरीचशी काही शोधायला निघालेलीच नसतात. तिथे रस्ता, रेल्वे किंवा इमारतीचा पाया येणार असतो. यंत्रानं थर मोडण्याआधी त्यांची नोंद करून घेणं, एवढंच काम. याला बचाव उत्खनन म्हणतात. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंडा हे प्राचीन बौद्ध स्थळ खणलं गेलं. लंडनच्या नव्या रेल्वेमार्गासाठी लिव्हरपूल स्ट्रीटजवळच्या जुन्या दफनभूमीतून २०१५ मध्ये हजारो सांगाडे काळजीपूर्वक उचलावे लागले. कुणाला सांगाडे हवे होते म्हणून नव्हे, स्थानक हवं होतं म्हणून. जमीन खणली जाते आहे तोवर या कामाला तोटा नाही.

"नोकऱ्या दोनच ठिकाणी." हे देशोदेशीच्या कायद्यावर ठरतं, आणि सल्ला देणारे नेमकं तेच गाळतात. अमेरिकेत १९६६ च्या ऐतिहासिक वारसा कायद्यानं केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना असलेल्या प्रकल्पांना वारशावर होणारा परिणाम तपासणं भाग पाडलं. इंग्लंडमध्ये १९९० पासून बांधकाम परवानगीच्या प्रक्रियेतच पुरातत्त्वीय तपासणी आली आणि तिचा खर्च विकासकाच्या माथी गेला. पुरातत्त्वीय वारसा जपण्यासाठीचा १९९२ चा व्हॅलेटा करार युरोपात हेच तत्त्व घेऊन आला. यातून खासगी कंपन्या, सल्लागार आणि कंत्राटी पथकं उभी राहिली, आणि तिथले बहुतेक पुरातत्त्वज्ञ आज विद्यापीठाबाहेरच कमावतात.

भारतात चित्र वेगळं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. १९५८ चा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आखते. संरक्षित म्हणून जाहीर न झालेल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडाला ही कवचकुंडलं नाहीत. त्यामुळे इथे खोदकामापेक्षा वास्तू-संवर्धन, मोजणी-नकाशे, दस्तऐवजीकरण आणि संग्रहालय याच दिशेनं जास्त वाटा फुटतात. वाटा दोनच आहेत, हे मात्र खरं नाही.

"लायडार आणि ड्रोन शोधतील." शोधतील की! ग्वाटेमालातल्या जंगलावरून केलेल्या आणि २०१८ मध्ये जाहीर झालेल्या लायडार सर्वेक्षणात माया संस्कृतीच्या ६० हजारांहून अधिक रचना दिसल्या. पण लायडारला जमिनीच्या पृष्ठभागाचा उंचसखलपणा कळतो. रचना कुठल्या शतकातली, एकाच वेळची की पाचशे वर्षांच्या अंतरानं उभी राहिलेली, हे तो सांगत नाही. पृष्ठभागाखालचं पाहणारी उपकरणंही हटवादी असतात. ओल्या चिकणमातीत जमिनीत लहरी सोडून आतलं टिपणाऱ्या भूभेदी रडारची लहर थोड्याच खोलीवर विरते. बसाल्टच्या प्रदेशात खडक स्वतःच चुंबकीय असल्यानं मॅग्नेटोमीटरच्या (जमिनीतले चुंबकीय फरक मोजणाऱ्या उपकरणाच्या) नकाशावर नुसता गोंगाट उमटतो. म्हणून दिसलेली खूण चाचणी-चर घेऊन तपासावीच लागते. इंग्लंडमध्ये त्यासाठी साधारणपणे क्षेत्राच्या २ ते ५ टक्के भागावर चर घेतात. यंत्रांमुळे तपासायच्या जागा वाढल्या, माणसं कमी लागली नाहीत.

"खणणं ही मजुरी." या वाक्यानं सगळ्यात जास्त नुकसान केलंय. एक साधा कचऱ्याचा खड्डा घ्या, मीटरभर रुंद. आधी माथा थापीनं खरवडून कडा स्पष्ट करायची. सुकलेल्या मातीत खड्ड्यातला भराव आणि बाजूची मूळ माती एकच रंग दाखवतात. अशा वेळी हलका पाण्याचा फवारा मारला की फरक उठून दिसतो. मग अर्धाच भाग काढायचा, म्हणजे मधोमध उभा छेद मिळतो. त्याचा मोजपट्टी आणि उत्तर-बाण ठेवून फोटो, १:१० प्रमाणात रेखाटन, समतलाच्या (उंची-खोलीच्या) नोंदी. त्यानंतरच उरलेला अर्धा, थराथरानं.

क्रमांक दोन प्रकारचे द्यायचे: खड्डा खोदल्याची कृती एक, आणि त्यात पडलेला प्रत्येक भराव वेगळा. या घटनांमध्ये कधी दिवसाचं अंतर असतं, कधी शतकांचं. कोण कोणाला छेदतं आणि कोण कोणावर बसतं, हे हॅरिस मॅट्रिक्सच्या आकृतीत मांडलं की जागेचा क्रम उभा राहतो. कडा ओलांडून थोडं जास्त खणलं गेलं तर शेजारच्या थराची खापरं खड्ड्याच्या पिशवीत जातात. ती चूक तेव्हा कळत नाही. अहवाल लिहिताना कळते, तोवर खड्डा राहिलेला नसतो.

प्रत्येक भरावातून मातीचा नमुना साधारण ४० लिटर. भराव त्याहून कमी असेल तर सगळाच. पाण्यात सोडल्यावर जळलेले दाणे तरंगतात, ते पाव मिलिमीटरच्या जाळीवर धरायचे. कार्बन पद्धतीच्या कालमापनाला कोळशाच्या ढलपीपेक्षा असा दाणा पाठवलेला बरा. झाडाच्या गाभ्यातलं लाकूड चूल पेटण्याच्या कितीतरी दशकं आधीच वाढायचं थांबलेलं असतं, त्यामुळे तारीख उगाच जुनी येते. दाणा एका हंगामाचा.

चिठ्ठी पिशवीच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे. बॉलपेनची शाई ओलीत उतरते आणि बिनक्रमांकाचं खापर म्हणजे नुसता मातीचा तुकडा.

आणखी एक गोष्ट त्या मजकुरात येतच नाही: खणणं संपल्यावरचं काम. धुणं, वर्गवारी, रेखाटनं, हाडं-बिया तज्ज्ञांकडे पाठवणं, अहवाल, संग्रह लावणं. याला उत्खननापेक्षा जास्त वेळ लागणं नेहमीचंच. पाण्यात राहिलेलं लाकूड उघड्यावर सुकू दिलं तर आकसून तडकतं. १९६१ मध्ये समुद्रतळातून काढलेल्या स्वीडनच्या वासा जहाजावर लाकडातल्या पाण्याची जागा घेणाऱ्या पॉलिइथिलीन ग्लायकॉल या रसायनाचा फवारा १७ वर्षं चालू होता. लोखंडात मुरलेले क्लोराइड क्षार काढले नाहीत, तर वस्तू कपाटातही गंजून सुटी होते. संवर्धक, संग्रहपाल, नकाशाकार, अस्थितज्ज्ञ यांच्या जागा इथे तयार होतात.

राहिली "हौस". कंत्राटं अनेकदा काही आठवड्यांची किंवा महिन्यांची असतात, बांधकाम मंदावलं की भरती थांबते, आणि गुडघे व कंबर लवकर हिशेब मागतात. हे खरं आहे आणि त्यासाठी तयारी हवी. काम स्वीकारण्याआधी तीन प्रश्न विचारा. अहवालाचा पैसा करारात वेगळा धरलाय का? नसेल तर नोंदी खोक्यात पडून राहतात आणि तुमच्या नावावर अहवाल येत नाही. खोल चराला टेकू किंवा पायऱ्या कोण करणार? अनेक पथकं १.२ मीटरच्या खाली त्याशिवाय कुणाला उतरू देत नाहीत, कारण सुट्या मातीची भिंत इशारा न देता बसते. आणि पावसात काम बंद पडलं तर त्या दिवसांची मजुरी मिळणार की नाही, हे लेखी द्यायला सांगा.