आधी स्पीकर, मग बाकीचं

पहिल्या स्टिरिओसाठी निम्मं बजेट अ‍ॅम्प्लिफायरवर घाला, हे एका लेखात वाचलेलं मत मला पटलं नाही. फरक पडतो तो स्पीकरने आणि खोलीने. मी अ‍ॅम्प्लिफायर जुनाच घेतला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर यायची. प्लग काढून आत काँटॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) मारला, बटण वीसेक वेळा गरगर फिरवलं, खरखर गेली. स्पीकर मात्र नवे घेतले. भिंतीपासून दीड फूट पुढे ओढले, ट्वीटर (स्पीकरमधला बारीक, उंच आवाजाचा छोटा भोंगा) कानाच्या उंचीला आणले, आणि आधी नुसता घुमणारा डग्गा एकदम मोकळा झाला, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींडसुद्धा स्वच्छ ऐकू आली. या हलवाहलवीला एक रुपया खर्च नाही! महागड्या केबलआधी जाड पडदा आणि सतरंजी घाला. आणि हो, स्पीकर ४ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप) असतील तर अ‍ॅम्प्लिफायरला चालतात का, हे बहुतेकदा त्याच्या पाठीमागेच छापलेलं असतं, बघूनच घ्या.