नाव ठेवल्याशिवाय

‘आर’ या संगणकभाषेत नऊ हजार ओळींची विक्रीची डेटा फ्रेम, म्हणजे ओळी-स्तंभांचं कोष्टक, उघडली होती. ‘एग्रिगेट’ या फंक्शनने विभागवार बेरीज केली आणि बारा ओळींचं सुबक कोष्टक हातात दिलं, विभाग अकारविल्हे लावून. मला ते बेरजेच्या उतरत्या क्रमाने हवं होतं. तेही कोडच्या एकाच ओळीत. कारण शेजारच्या सहकाऱ्याला ते जमतं म्हणे.

क्रम लावणाऱ्या ‘सॉर्ट’ने डेटा फ्रेम बघूनच तोंड फिरवलं. मग ‘ऑर्डर’. हा प्राणी काही लावून देत नाही. 40, 10, 30 त्याच्यापुढे ठेवा, तो म्हणतो 2, 3, 1. म्हणजे कोण कुठे बसलाय ते सांगणार, उठवून आणायचं आपण! आणायचं चौकोनी कंसातून, आणि कंसात शेवटी एक स्वल्पविराम, ज्याच्यापुढे काहीच नसतं. तो विसरलात की आर ओळींऐवजी स्तंभ शोधायला जातं आणि असे स्तंभच नाहीत म्हणून आपल्यावरच खेकसतं. मी तो रोज विसरतो.

पण खरी गोम वेगळीच. कंसाबाहेर कोष्टकाचं नाव लागतं, कंसातही लागतं. माझं कोष्टक तर नुकतंच जन्मलेलं, बिननावाचं! 1990च्या दशकात ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ही भाषा घडवली, तेव्हा तिचं स्वतःचं नाव एका अक्षरात उरकलं. माझ्याकडून मात्र प्रत्येक टप्प्याला नाव हवं. आतापर्यंत मी टेम्प, टेम्प2, फायनल आणि फायनल_खरंच अशी नावं ठेवली आहेत. भाषेला ठेवली ती वेगळीच.

आरच्या 4.1.0 आवृत्तीत पाइप, म्हणजे एका टप्प्याचं उत्तर नावाशिवाय थेट पुढच्या टप्प्याला देणारं चिन्ह, आला, तेव्हा मी बिननावाचं फंक्शन लिहून पाहिलं. ओळ एकच झाली, पण शेवटी इतके कंस साचले की कुठला कोणाचा ते मोजायला बोट लावावं लागलं. ‘डीप्लायर’ या जोड-पॅकेजचं ‘अरेंज’ हे सगळं निमूट करतं, हे मला ठाऊक आहे. पण एका ओळीसाठी अख्खं पॅकेज मागवायचं नाही, हा माझा बाणा. 2024 साली 4.4.0 मध्ये डेटा फ्रेम थेट क्रमाने लावणारं ‘सॉर्ट_बाय’ही आलं. आमच्या यंत्रावर 4.3 आहे.

दुपारी साडेतीनला ओळ चालली. कोष्टक साहेबांना पाठवलं.

“छान आहे,” साहेब म्हणाले. “फक्त विभाग अकारविल्हे लाव ना, शोधायला बरं पडतं.”