डबल क्लच आणि डिकीतला दगड

गाडी घेताना लोक ॲव्हरेज बघतात, डिकी बघतात, शोरूमवाला मॅट फुकट देतो का बघतात. मी सहा महिने फक्त गिअरबॉक्स बघितला. बायकोने दोनच प्रश्न विचारले होते, मागे तिघं नीट बसतील ना आणि पांढरा रंग मिळेल ना, दोन्हींची उत्तरं माझ्याकडे नव्हती, पण एका क्लचवर १-३-५-७ आणि दुसऱ्यावर २-४-६ असे गिअर असतात हे मी तिला झोपेतसुद्धा सांगितलं असतं, आणि बहुतेक सांगितलंच असणार कारण एके दिवशी सकाळी ती म्हणाली की रात्री तू पाढे म्हणत होतास.

तर मी ड्युअल क्लचवाली, म्हणजे आत दोन क्लच पण पायाखाली क्लचचं पेडलच नाही अशी ऑटोमॅटिक, टर्बो पेट्रोल, स्टिअरिंगमागे पॅडल असलेली गाडी घेतली. पॅडल म्हणजे तो कानासारखा छोटा खटका, उजवा ओढला की गिअर वर, डावा ओढला की खाली. पहिले दोन महिने मी पार्किंगमध्येसुद्धा ओढायचो.

ऑफिसातल्या एका मित्राला हे आवडलं नाही. तो कट्टर मॅन्युअलवाला, क्लच पायाने आणि गिअर हाताने. त्याच्या मते डाव्या पायाला काम नसलेला माणूस ड्रायव्हर नसतो, पुढच्या सीटवरचा पॅसेंजर असतो. हे तो मला हिंजवडीच्या सिग्नलला डावा गुडघा चोळत चोळत सांगतो. रोज जाऊन येऊन दोन तास क्लच दाबतो, फिजिओथेरपीला जातो, पण मत बदलत नाही. मला अशा माणसांबद्दल आदरच आहे.

सासऱ्यांनी मात्र गाडीचं नाव ऐकलंच नाही, फक्त ‘दोन क्लच’ एवढं ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला. अण्णा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले, भोर, वरंधा घाट, महाड हा त्यांचा आवडता रूट. म्हणाले, “डबल क्लच का? मग आम्ही आयुष्यभर दुसरं काय मारलं?” आता त्यांचा डबल क्लच वेगळा. जुन्या बसच्या गिअरबॉक्समध्ये गिअर आपापले जुळत नसत, त्यामुळे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, खालचा गिअर पाहिजे असेल तर मध्येच थोडी रेस द्यायची, परत क्लच दाबायचा, मग गिअर. चुकलं तर असा करकराट की मागच्या सीटवरची कोंबडीपण दचकायची. मी समजवायला गेलो की अण्णा यात एक क्लच दोनदा दाबत नाहीत, दोन क्लच असतात आणि ते कॉम्प्युटर दाबतो. ते म्हणाले, “म्हणजे ड्रायव्हर आत बसवलाय. बरं. घाट चढला आहे का त्याने?”

हा प्रश्न मी हसण्यावारी नेला. आणि पुढच्याच रविवारी सगळ्यांना घेऊन सिंहगडाला निघालो.

पावसाळ्यातला रविवार आणि सिंहगड हे ज्यांना कळलं त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. डोणज्यापर्यंत रस्ता मोकळा होता, मी दोनदा पॅडल ओढून घेतलं, पोरगं मागून “परत परत” म्हणालं, मी परत ओढलं. गिअर बदलला हे कानाला कळतं, मानेला कळत नाही, हीच तर गंमत. पंगतीत कसं, एक वाढपी भात घालत असतो तेव्हाच दुसरा वरणाचा डाव भरून त्याच्या मागे उभा असतो, भाताचा हात निघाला की वरण पडलंच. तसं तिसरा गिअर चालू असताना चौथा लावून तयार असतो, नुसता एक क्लच सुटायचा आणि दुसरा धरायचा, पापणी लवायच्या आत काम होतं. आता जेवणाऱ्याने अचानक मध्येच मठ्ठा मागितला तर दोघं वाढपी एकमेकांना धडकतात, ते ट्रॅफिकमध्ये होतं, गाडी हुंदका दिल्यासारखी हलते. पण त्यावर मी तेव्हा बोलत नव्हतो.

घाट सुरू झाला आणि पुढची गाडी थांबली. ती का थांबली तर तिच्या पुढची थांबली होती, ती वरच्या पार्किंगच्या नावाने. मग आमचं सुरू झालं, चार फूट पुढे, ब्रेक, चार फूट पुढे, ब्रेक, तेही चढावर. वेळ जावा म्हणून मी अण्णांना इतिहास सांगायला घेतला. की दोन क्लचची ही कल्पना ॲडॉल्फ केग्रेस नावाच्या फ्रेंच माणसाची, १९३९ सालची, हा आधी रशियाच्या झारच्या गाड्या सांभाळायचा, बर्फात चालाव्यात म्हणून त्याने मागच्या चाकांच्या जागी पट्टे बसवले होते. मग ऐंशीच्या दशकात पोर्शेने रेसच्या गाड्यांत हाच प्रकार आणला, त्याचं नाव पीडीके, म्हणजे पोर्शे डॉपेलकुप्लुंग (हे नाव मी आरशासमोर प्रॅक्टिस केलेलं आहे), आणि २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मधून तो रस्त्यावर विकायच्या गाडीत आला. अण्णा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “झारच्या गाडीला वास यायचा का?”

मलाही आलाच होता. मी त्याला पुढच्या टेम्पोचा समजत होतो.

आणि तेवढ्यात स्क्रीनवर पिवळा दिवा, टुंग, गिअरबॉक्स गरम झालाय, सुरक्षित जागी थांबा. सिंहगडाच्या घाटात रविवारी सुरक्षित जागा!

काय होतं की माझ्या गाडीतले दोन क्लच कोरडे आहेत. तेलात बुडालेले असतात त्यांना ओले म्हणतात, त्यांची उष्णता तेल घेऊन जातं, कोरड्यांना मात्र कोणी वाली नाही. चार फूट सरकायचं तर गाडीला पूर्ण पहिला गिअर धरता येत नाही, मग ती क्लच अर्धवट घासत राहते, आणि मी तर वर शहाणपणा केला होता, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून गाडी चढावर तोलून धरली होती. अण्णांनी माझ्या पायाकडे बघितलं. “हाफ क्लचवर घाटात गाडी उभी केली तर आमच्या डेपोत मेमो मिळायचा,” म्हणाले. मी म्हटलं, अहो पण मी क्लच दाबलेलाच नाही, या गाडीत पेडलच नाहीये. “तुम्ही नाही हो जावईबापू. तुमच्या आतल्या ड्रायव्हरने दाबलाय. पण त्याला ऑर्डर कोणी दिली?”

कडेला घेतली. बॉनेट उघडलं. बॉनेट उघडण्याचा काही उपयोग नव्हता पण मराठी माणूस गाडी थांबली की बॉनेट उघडतो, आणि ते उघडलं की सल्ला देणारे आपोआप जमतात. एकाने पाणी मारा सांगितलं, एकाने बॅटरीची वायर हलवून बघितली. मागून एक काका आले साध्या ऑटोमॅटिकमध्ये, मी ज्याला ‘आळशी गिअरबॉक्स’ म्हणत आलो तोच. त्यात अशा क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे तेलात समोरासमोर ठेवलेले दोन पंखे, इंजिन एक फिरवतं, तेल ढकललं जाऊन दुसरा फिरतो, गाडी उभी असली तर तेल नुसतं घुसळतं, प्लेट घासत नाही. काका एका हाताने शेंगा सोलत, ब्रेकवरचा पाय जरासा उचलत, सोडत, उचलत वर गेले. जाताना काच खाली करून विचारलंसुद्धा, “काय झालं हो?” त्यांना मी काय सांगणार होतो की तुमच्याच गिअरबॉक्ससाठी बीएमडब्ल्यूने २०१७ साली एम५ या वेगवान गाडीतून ड्युअल क्लच काढून आठ गिअरचं साधं ऑटोमॅटिक बसवलं? आणि पोर्शेने २०१३ ची जीटी३ फक्त पीडीकेवर काढली, तर मॅन्युअलवाले एवढे चिडले की २०१७ मध्ये मॅन्युअल परत द्यावं लागलं? म्हणजे एकेकाने माझ्या गाडीच्या जातीला सोडून दिलंय, एक या बाजूला, एक त्या बाजूला, आणि मी मध्ये बॉनेट धरून उभा. सांगितलं फक्त, “काही नाही, गार होतीये.”

अण्णा तोवर दगड शोधत होते. मी म्हटलं इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक लावलाय, हिल होल्ड आहे, चढावर गाडी मागे जाऊ देत नाही. ते ऐकून त्यांनी आणखी मोठा दगड निवडला आणि मागच्या चाकाला लावला, पायाने दोनदा ठोकून बघितलं.

मग एक वडाप जीप आली. गोळेवाडीतून वर जाणारी, आत मोजता येणार नाहीत एवढी माणसं, ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर आणि गिअरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना दोन पाय टाकून एक आजी बसलेल्या. “आज्जे, गुडगा!” तो ओरडायचा, आजी गुडघा सरकवायच्या, दुसरा पडायचा. गिअरबॉक्सचा सगळ्यात वेगवान शिफ्ट मी त्या दिवशी बघितला आणि तो आजींच्या गुडघ्याचा होता. बायकोने हात केला, जीप थांबली, अजून चार माणसांना त्यात जागा झाली (चौथा कोण मला माहीत नाही), आणि माझं कुटुंब मला सोडून गडावर गेलं. अण्णा दारातून लटकत ड्रायव्हरला काहीतरी सांगत होते, बहुतेक माझ्याबद्दलच, कारण तो वळून हसला.

मी पाऊण तास गाडीजवळ. धुकं, रिमझिम, खाली खडकवासल्याचं पाणी, सगळं सुंदर होतं, फक्त मला बघायला वेळ नव्हता, मी मॅन्युअल वाचत होतो, म्हणजे पुस्तक. त्यात पान दोनशेच्या पुढे लिहिलं होतं की चढावर गाडी ॲक्सिलरेटरने धरू नये. अण्णांना ते पान न उघडता पाठ होतं.

ते आले तेव्हा कागदात पिठलं, भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही होतं. दिवा विझला होता. उतरताना अण्णा शेजारी बसले आणि म्हणाले, पुढच्याशी अंतर ठेवा, दोन गाड्यांची जागा मोकळी झाली की मगच हला, एकदम हला आणि एकदम थांबा. मागचे हॉर्न मारत होते, आम्ही ऐकलं नाही. दुसऱ्या गिअरला ठेवा म्हणाले, मी डावं पॅडल ओढलं, गाडी इंजिनवर रोखून उतरायला लागली. “आता नीट करतोय तो,” अण्णा म्हणाले. आतल्या ड्रायव्हरबद्दल.

परवा गाडी सर्व्हिसिंगला दिली. संध्याकाळी तिथल्या पोराचा फोन आला, सर, डिकीत एक दगड आहे, मोठा, काढून टाकू का? मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी पेपरातून मान वर न करता बोट हलवलं.

“राहू दे,” म्हटलं, “तो गाडीसोबत येतो.”