सोलर बसवलं की छत सरकारजमा होतं? साफ खोटं

परवा रात्री कराडहून आत्याचा फोन. "अरे, मी सोलरचा अर्ज मागं घेते. छत सरकारच्या नावावर होतंय म्हणे." तिच्या ग्रुपवर आलेला मेसेज तिनं मला पाठवला. तुमच्याकडेही आला असेल: 'सूर्यघर योजनेला फसू नका', खाली पाच मुद्दे, शेवटी 'अर्ज केला असेल तर आजच रद्द करा'. सूर्यघर म्हणजे घराच्या छतावर सोलर पॅनेल बसवायला केंद्र सरकार सबसिडी देतं ती योजना. दोन महिने कोटेशनं गोळा करून, लाइटबिलांची थप्पी घेऊन बसून आत्यानं जे ठरवलं, ते एका फॉरवर्डनं मोडत होतं. संताप आला, म्हणून लिहितोय.

आधी छताचंच बोलू. मेसेज म्हणतो, 'सबसिडी घेतली की छत २५ वर्षं सरकारच्या ताब्यात, घर विकता येत नाही.' केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं जून २०२४मध्ये या योजनेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात सबसिडीच्या बदल्यात छत कुणाच्या नावावर करायची अट नाही. तुम्ही सह्या करता त्या दोन करारांवर. एक पॅनेल बसवणाऱ्याशी. दुसरा महावितरणशी, नेट मीटरचा. त्यात तुम्ही ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला, किती युनिट दिले आणि किती घेतले याचा हिशोब असतो, घराच्या मालकीचा नाही. मग ही २५ वर्षं आली कुठून? पॅनेलच्या वीजनिर्मितीची वॉरंटी साधारण तेवढी असते, तोच आकडा उचलून भीती घातलीय. कंपनीनं स्वतःच्या पैशानं पॅनेल बसवायचे आणि आपण तिला विजेचे पैसे द्यायचे, असाही एक प्रकार आहे. त्यात पॅनेल कंपनीचे असतात, तिथं करार नीट वाचावा. छत तिथंही आपलंच राहतं. आणि आत्या तर स्वतःचे पैसे घालतेय.

'सबसिडी ठेकेदार खातो.' नाही. एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्तला ७८ हजार; सिस्टीम बसून तपासणी झाली की ही रक्कम अर्जदाराच्या बँक खात्यात येते. एक मात्र खरं, सबसिडी नंतर येते. आधी पूर्ण पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात, नाहीतर कर्ज काढावं लागतं. हे विक्रेत्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवं.

'पावसाळ्यात बंद पडतं.' बंद पडत नाही, कमी होतं. उन्हाळ्यात जास्तीचे गेलेले युनिट त्या आर्थिक वर्षाच्या हिशोबात, म्हणजे मार्चअखेरपर्यंत, पुढच्या बिलांत वळते होतात.

'पॅनेलच्या किरणांनी कॅन्सर होतो.' पॅनेल ऊन घेतो आणि वीज देतो. कॅन्सरच्या नावानं म्हाताऱ्या माणसांना घाबरवणं मला सहनच होत नाही.

'लाइट गेली की सोलरही बंद.' हे खरं आहे, मान्य. बॅटरी नसलेली ऑनग्रिड सिस्टीम वीज गेली की स्वतःहून थांबते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून गेलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. बिल अगदी शून्य येतं हेही खरं नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. पण एवढ्यावरून योजना फसवी कशी ठरते?

हे सगळं आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बरं, पण माझं वाळवण कुठं घालू?" हा प्रश्न त्या मेसेजात कुठंच नव्हता. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, आत्याला दोन पुरे. रविवारी टेप घेऊन जातोय. टाकीची सावली कुठवर येते ते बघू, कुरडयांसाठी पूर्वेची बाजू मोकळी ठेवू. अर्ज तिनं तसाच ठेवलाय.