आकडा टाकून रेडिओ ऐकत नसतात, भो!

'शॉर्टवेव्ह ऐकायचंय? आधी हे वाचा' असा एक मेसेज जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. शॉर्टवेव्ह म्हणजे दूरदेशची स्टेशनं घरातल्या रेडिओवर आणणाऱ्या लहरी. परवा चोपड्याच्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, खांबाला वायर बांधू का?" म्हणून हा खटाटोप.

खांबाचंच आधी घेतो. म्हणे, एरियलची तार खांबावरच्या न्यूट्रलला जोडा, 'अख्खं जग क्लिअर येतं'. आकडा टाकून मोटारी चालवलेल्या पाहिल्यात. आकडा टाकून रेडिओ हे नवीनच! अरे, न्यूट्रलला करंट नसतो हे सांगितलं कोणी? ती तार मागे कुठे तुटली, की घराघरातल्या बल्ब-पंख्यांतून फेज तिच्यावर उतरतो. मग एरियलला हात लावणारा गेलाच. आणि जिवावर उदार होऊन मिळतं काय, तर खरखर. एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर यांचा सगळा कचरा त्याच तारांत असतो. उलट लाइट गेल्यावर सेलवर सेट लावून बघा, आवाज कसा निवळतो ते. भारनियमनाचा मला सापडलेला हा एकमेव फायदा. तार हवीच असेल तर पाच-सात मीटर साधी वायर घ्या. एक टोक सेटच्या दांडीला चिमट्याने लावा, दुसरं निंबाच्या फांदीला, विजेच्या तारांपासून चांगलं लांब. मे महिन्यात केळी आडवी करणारं वादळ येतं ना, त्याचं आभाळ दिसायच्या आत ती काढून ठेवा.

'लायसन्स नसेल तर पोलीस उचलतात.' रेडिओचं लायसन्स असायचं, पोस्टात पैसे भरावे लागायचे, खरंय. ते 1980च्या दशकातच रद्द झालं. आज परवाना लागतो तो हॅमवाल्यांना, म्हणजे छंद म्हणून वायरलेसवर एकमेकांशी बोलणाऱ्यांना, कारण ते स्वतः प्रक्षेपण करतात. स्टेशन ऐकायला कसला परवाना?

'शॉर्टवेव्ह मेलं.' इथे जरा नमतं घ्यावं लागतं. बीबीसी हिंदीने जानेवारी 2020च्या अखेरीस शॉर्टवेव्ह सोडलं, आकाशवाणीनेही बरेच प्रक्षेपक बंद केले. पण मेलं म्हणणाऱ्याने एचएफसीसीची यादी उघडून बघावी. ही प्रसारकांची आंतरराष्ट्रीय संस्था. कोण, कधी, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, हे तिच्या साइटवर फुकट मिळतं. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी यादी बदलते. वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात; आपल्या वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे. अंधार पडला की 31 मीटरवर, म्हणजे 9400 ते 9900 किलोहर्ट्झमध्ये, काटा हळूहळू सरकवा. चिनी स्टेशनं तर एकमेकांच्या उरावर बसलेली. बरोबर 10,000वर नुसती टिकटिक आली तर सेट बिघडला समजू नका, तो प्रमाणवेळेचा सिग्नल असतो.

राहिला शेवटचा दावा, शॉर्टवेव्हला म्हणे 'पंचवीस हजारांचा सेट' लागतो. माळ्यावर आजोबांचा फिलिप्स किंवा मर्फी असेल आणि त्याच्या पट्टीवर एसडब्ल्यू (म्हणजेच शॉर्टवेव्ह) लिहिलेलं असेल, तर बँडचा खटका साफ करून घ्या नि लागा ऐकायला.